टेस्टर सावलीत धरला होता का?

नरपड, शुक्रवार, १२ डिसेंबर

रानशेतच्या जानीबाईला काल तिच्या विहिरीवरच्या पंपाने शॉक देऊन फेकलं. कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं. महिनाभर सांगत होती बिचारी, "काका, पंपाला हात लावला की मुंग्या येतात." मी गेलो, भर उन्हात पंपाला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. "ओल्या हाताचा भास गो," म्हणालो आणि चहा पिऊन परतलो. म्हणालो तरी कसा? चाळीस वर्षं त्या टेस्टरवर देवासारखा विश्वास. बघून बघून वायरिंग शिकलेलो मी, अर्ध्या हळकुंडाने पिवळा!

आज वायरिंगच्या नियमांच्या दोन कोर्सवाल्यांना फोन केले. दोघांनाही पंपाचंच सांगितलं. डहाणूचा म्हणाला, "काळजी नको काका, दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात." तलासरीच्या मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टेस्टर सावलीत धरला होता का? उन्हात तो दिवा दिसत नाही. आणि नुसत्या टेस्टरवर कधीच विसंबायचं नाही."

सावलीत! एवढं साधं, आणि मला ठाऊक नव्हतं. ठरलं, तलासरीच. आठ शनिवार जावं लागेल, जाईन.

ही हसली, "महालक्ष्मीचा डोंगर चढायला गुडघे दुखतात, शाळेत जायला नाही?" दुखू देत.

पंपाचा फ्यूज कालच काढून आणलाय. पण खरं बोलायचं राहिलं. उद्या सकाळी आधी रानशेत. बाई, भास तुला नव्हता झाला, मला झाला होता.