स्थिर राहण्याचे एकशे ऐंशी दिवस

११ जानेवारी

क्षितिजाने आज कॅनडातून दीड तास व्हिडिओवर बसवून ठेवलं. इकडे मी आणि वसुधा, तिकडे ती, आणि मध्ये तीन विमा पॉलिसी. लेकीकडे दोन वर्षं राहायचं तर आधी वर्षभराचा आरोग्य विमा घ्या, मग व्हिसा मागा! एप्रिलच्या मध्यावर तिची बाळंतपणाची तारीख आहे. याआधी दोनदा आशा लागून गेली, म्हणून या खेपेला वसुधाचा सगळा जीव त्या तारखेत अडकलाय.

पहिली पॉलिसी स्वस्त, पण जुनं दुखणं वगळून. मला बीपी. म्हणजे हृदय गेलं, मेंदू गेला, किडनी गेली. उरलं काय? पाय मोडला तर देतील! दुसरी जुनं दुखणंही धरते, पण निघण्याआधी ते एकशे ऐंशी दिवस ‘स्थिर’ हवं. नवं लक्षण नको, नवी गोळी नको, डोस वर नको, खालीही नको. तिसरीचं मी विचारलं तर क्षितिजा म्हणाली, “बाबा, तिचा हप्ता ऐकून तुमचं बीपी वाढेल, मग दुसरीही हातची जाईल.” माझीच पोरगी!

दुसरी ठरली. शरदने — म्हणजे आमच्या डॉक्टर शरदचंद्रने — माझी गोळी शेवटची बदलली सव्वीस सप्टेंबरला. वसुधाने कॅलेंडरवर बोट फिरवत मोजलं. पंचवीस मार्चला एकशे ऐंशी भरतात. सत्तावीसचं तिकीट काढलं.

१३ जानेवारी

इथलाही एक भाव बघावा म्हणून पीयूष एजंटला बोलावलं होतं. गोड पोरगा. “अंकलजी, सब कवर है, आप तो बस साइन करो.” कचोरी खाल्ली, पाया पडला, निघाला. जिन्यात बूट घालता घालता फोनवर साहेबाला सांगत होता, “सर, ये अंकल एक-एक लाइन पढ़ते हैं. बीपी वाला पन्ना निकाल के दूंगा.”

मी वरूनच हाक मारली, “बेटा, वो पन्ना भी लेते आना!”

परत येतोय कशाला!

१८ जानेवारी

सकाळी फिरताना शरदने बाकावर बसवून बीपी मोजलं. यंत्र खिशातच असतं त्याच्या. खूश झाला. “पंढरी, एकदम बढिया. थंडीतही इतकं छान! उद्यापासून गोळी अर्धी करू.”

मी ओरडलोच — “अजिबात नको!”

शेजारच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. त्याला सगळी अट समजावली. अर्धी केली तरी मोजणी पुन्हा एकपासून. तो म्हणाला, “चाळीस वर्षांची प्रॅक्टिस झाली. बरं व्हायला नाही म्हणणारा तू पहिला.” मग पोहे खाल्ले. पैसे त्याने दिले, म्हणजे खरंच हादरला होता.

२७ जानेवारी

जिन्याला बावीस पायऱ्या. आज नवव्या पायरीवर थांबलो. छातीवर कोणी हात टेकवून उभं राहावं तसं. दुखणं नाही — दाब. मिनिटभराने गेला. भाजीची पिशवी जड होती.

३० जानेवारी

पिशवी नव्हती. तरी नववी पायरी.

खिशातून फोन काढून बघत उभा राहिलो, म्हणजे कोणी पाहिलं तर वाटावं, मेसेज वाचतोय.

३ फेब्रुवारी

हिशोब सरळ आहे, म्हणूनच वाट निघत नाही. शरदला सांगितलं, तर तो तपासण्या काढणार. तपासण्या म्हणजे कागद, कागद म्हणजे नवी गोळी, आणि नवी गोळी म्हणजे एकशे ऐंशी दिवस पुन्हा. बाळ तोवर बसायला लागेल! आणि माझ्याशिवाय वसुधा जायची नाही. आयुष्यात इथल्या इथे खंडव्यालाही एकटी गेली नाही ती.

नाही सांगितलं, आणि तिकडे जाऊन काही झालं तर? विमावाले जुने कागद मागवणार. क्लेम गेला, तर हॉस्पिटलच्या बिलात क्षितिजा आणि जावई यतीनचं घर जाईल. त्याचे हप्ते अजून वीस वर्षं आहेत.

आयुष्यभर दुकानात मी गिऱ्हाइकाला दोन दारं दाखवली — इकडून आलात तरी माझाच माल, तिकडून आलात तरी माझाच. आता मीच आत.

वसुधा आज दुपटी शिवत होती. “ही हिरवी बरी दिसते का हो?” म्हटलं, फर्स्ट क्लास!

१० फेब्रुवारी

अंघोळ करताना हातोदचा हरी आठवला. का आठवला, ते माहीत आहे.

पंधरा वर्षं झाली असतील. हातोदच्या मंडीबाहेरची माझी मोटर-वाइंडिंगची टपरी जाऊन पंपाचं दुकान झालं होतं, कंपनीची एजन्सी आली होती. हरीने घेतलेला पंप दोन महिन्यांत जळला. ऐन गव्हाचं पाणी. पंप बैलगाडीत घालून आणला. “भिया, गेहूं सूख जाएंगे.” मी शाफ्ट हाताने फिरवला. आवाजावरूनच कळलं, बेअरिंग कारखान्यातूनच खराब आहे. पण बिचाऱ्याने साफ करायला म्हणून चार स्क्रू उघडले होते. सील तुटलेलं. मी हसत, चहा पाजून सांगितलं, “हरी भाई, सील टूट गई तो वारंटी खतम. मेरे हाथ में कुछ नहीं.”

हातात होतं. कंपनीला दोन ओळी लिहायच्या होत्या. वर्षाअखेरीचं बक्षीस कापलं गेलं असतं, म्हणून नाही लिहिल्या.

आता माझं सील तुटलंय आणि मी त्यावर हात ठेवून बसलोय.

१९ फेब्रुवारी

दिवस एकशे सेहेचाळीस. आज बावीसही पायऱ्या एका दमात! उगाच घाबरलो होतो.

२२ फेब्रुवारी

नाही. आज सहाव्या पायरीला.

८ मार्च

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला पन्नास वर्षांत पहिल्यांदा गेलो नाही. मंडळी खालून ओरडत होती, “ओ भिया, चलो रे!” मी गॅलरीतून हात हलवला. म्हटलं, परदेशी जायचंय, रंगाने कातडी खराब झाली तर व्हिसाच्या फोटोतला मी तो मीच, हे कोण मानेल? खूप हसले. वसुधा हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

दिवस एकशे त्रेसष्ट. सतरा राहिले.

क्षितिजाचे पाय सुजलेत म्हणे. “आई, तू आलीस की मी झोपून घेणार आहे,” असं म्हणाली.

१५ मार्च

विमा दाखवून व्हिसा तर आला; आज विम्याचा निघण्याआधीचा तब्येतीचा फॉर्म भरायला बसलो. लिहायला वसुधा. तीस वर्षं शाळेत शिकवलं, तिचं अक्षर छापल्यासारखं. प्रश्न इंग्रजीत, ती मोठ्याने मराठीत सांगायची, मी उत्तर द्यायचं. नाव, जन्मतारीख, बीपीची गोळी. मग अकरावा प्रश्न. “गेल्या एकशे ऐंशी दिवसांत छातीत दुखणं, दाब, धाप — डॉक्टरला दाखवलेलं असो वा नसो — झालंय का?”

दाखवलेलं असो वा नसो! म्हणजे दीड महिना तोंड शिवून बसलो ते फुकटच. सील नवव्या पायरीवरच तुटलं होतं.

मी चष्मा पुसायला घेतला. उत्तर तयार होतं — नाही. नुसतं म्हणायचं होतं.

तिने मान वर केली नाही. ‘हो’वर खूण केली. पुढच्या रकान्यात लिहिलं: जानेवारीपासून, जिना चढताना.

“अगं —”

“तुम्ही नवव्या पायरीला थांबता. चपलांचा आवाज बंद होतो. मी स्वयंपाकघरात मोजते — पन्नास, कधी साठ. अलीकडे सहाव्यालाच थांबता.” मग पेनाला टोपण लावत म्हणाली, “कान काय तुम्हाला एकट्यालाच आहेत का?”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, स्वतःहून सांगाल. आज-उद्या करत बसले. माझीही चूकच.”

चहा तिनेच केला.

१६ मार्च

तुकोगंजात शरदचा दवाखाना. आधी ईसीजी, मग त्या पट्ट्यावर चालवलं. तीन मिनिटांत पट्टा बंद केला त्याने. माझ्याकडे न बघता वसुधाला म्हणाला, “वहिनी, या नालायकाने रोज सकाळी माझ्याबरोबर बसून पोहे खाल्ले आणि एक अक्षर बोलला नाही.”

मी म्हटलं, “शरद, ती माझ्याशिवाय जाणार नाही, म्हणून —”

“चुप. परवा ॲन्जिओग्राफी.”

रिक्षाने घरी आलो. जेवताना मी म्हटलं, “दोन्ही तिकिटं रद्द करायला सांगतो.”

वसुधाने भात वाढला, वर वरण घातलं. “एकच करा,” म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचं. तुमच्यापाशी शरद भाऊजी आहेत, आपला अख्खा छत्रीबाग मोहल्ला आहे. तिच्यापाशी तिकडे कोण आहे? यतीनला रजा आठ दिवसांची. आणि माझ्या विम्यात थायरॉइडची एक गोळी सोडून काही नाही, ती सहा वर्षांत बदललेली नाही. तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावरून धड उतरा, घरी या, मग मी जाते.”

तूप वाढायला विसरली. मी मागितलंही नाही.

२१ मार्च

घरी आलो. एक स्टेंट. नव्या गोळ्या चार. मोजणी एकपासून — सप्टेंबरपर्यंत कुठे हलायचं नाही. वसुधा गोळ्यांच्या डबीवर वार लिहितेय. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली.

२८ मार्च

वसुधा पोहोचली. टोरंटोला विमान बदलताना चुकीच्या रांगेत उभी राहिली, एका सरदारजींना विचारलं, त्यांनी नीट नेऊन सोडलं. फोनवर हसत सांगत होती. मागून क्षितिजाचा आवाज येत होता, “आई, आधी जेव.”

ती माझ्याशिवाय जाणार नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. शरदला सांगितलं, क्षितिजाला सांगितलं, इथेही लिहिलं. तिला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर जानेवारीतच ‘जाते’ म्हणाली असती. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.