सभेच्या मैदानावर शरत

कुवेंपुनगर, म्हैसूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांना,
सून जानकीचा वाकून नमस्कार.

धारवाडची थंडी गुडघ्यांना सोसते ना? सुमावन्सं म्हणाल्या, टीव्हीवर बातमी आल्यापासून तुम्ही धड जेवत नाही. फोनही उचलत नाही, म्हणून लिहितेय. इथे पावनीची शाळा सुरू आहे. शेवग्याला फुलं आलीत.

शरत बरे आहेत. घरी नाहीत, पण बरे आहेत.

‘सुभेदार रणोजीरावांचा मुलगा खुनाला निघाला,’ एवढंच टीव्हीवाल्यांनी सांगितलं. अप्पा, सैन्यातून आल्यापासून ह्यांना झोप नव्हती. एका पुढाऱ्याच्या माणसांनी एच. डी. कोटे गावाजवळच्या शिबिरात नेलं. माजी सैनिकांना तिथे आराम मिळतो म्हणाले. आराम कसला! गोळ्या द्यायचे, झोपू द्यायचे नाहीत, आणि कानात सतत एकच आवाज: सैन्यातल्या तुझ्या सोबत्याला विरोधी नेत्यानंच मारायला लावलं. परतले ते वेगळेच. पावनी मांडीवर बसायला गेली तर म्हणाले, “हुकूम नाही.”

त्या विरोधी नेत्याच्या सभेच्या सकाळी, हे घरातून निघून गेल्यावर, शिबिरातून पळालेला विजयेंद्र घरी आला. “अक्का, आज शरत त्या नेत्यावर गोळी झाडणार. लगेच त्यालाही तिथंच मारायचं ठरलंय. म्हणजे मागे कोण आहे, ते कळायलाच नको.”

पोलिसांना फोन करत आम्ही त्याच्या स्कूटरवरून मैदान गाठलं. शरत मंचाजवळ उभे होते. मी हात धरला, तरी ओळख नाही. मग घरी मारते तशीच ‘री’ म्हणून हाक मारली.

“री, पावनीचा दात पडला हो. तुम्हाला दाखवल्याशिवाय टाकणार नाही म्हणते.”

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग हळूच म्हणाले, “कुठला?”

“वरचा, पुढचा.”

कमरेचं पिस्तूल त्यांनी माझ्या हातात दिलं आणि तिथेच मातीत बसून रडले. पोलीस येईपर्यंत मी त्यांना पोटाशी धरून बसले.

आता पोलीस बंदोबस्तात त्यांच्यावर उपचार चालू आहेत. मॅजिस्ट्रेटसमोर त्यांनी सगळी नावं सांगितली. पुढारी अटकेत आहे. त्याची माणसं बाहेर आहेत, धमक्या देतात. शरत म्हणतात, जबाब फिरवणार नाही.

काल भेटल्यावर विचारत होते, “अप्पा मला अजून शिपाई मानतात का गं?”

तुमच्या वतीनं मी हो म्हणून बसलेय. अप्पा, मला खोटं पाडू नका. या.

तुमची वाट बघणारी,
जानकी