चौदा नंबरचा सुतार

ताई, "सिस्टर, तुम्हाला काय कळतं?" हे ऐकत ऐकत आपण दोघींनी उभा जन्म काढला. म्हणून हा नमस्कार बहिणीला आणि तुझ्यातल्या नर्सलाही.

आईला सांग, जेवण वेळेवर मिळतं, मनगटाची सूज उतरली. शिपायाने माझ्या हातावर दार आदळलं होतं, हे मात्र सांगू नकोस.

मी इथे तुरुंगाची नर्स, पण मनोरुग्ण कैद्यांच्या गोळ्या आता शिपाई वाटतात आणि ‘समोर गिळल्या’ म्हणून सही माझी मागतात. चौदा नंबरच्या कोठडीतल्या सुताराला महिनाभर गोळी दिलेली नाही. तो दिवसभर भिंतीशी भांडतो. काल मी सही नाकारली, तर जेलर हसला.

"बाई, ढोंग आहे ते. खरा आजार असता तर उपचाराचा जुना कागद नसता का?"

कागद आहे. सुतार आपल्याच गावचा, अटकेआधी चार वर्षं याच आजारासाठी तुझ्याच दवाखान्यात यायचा. हे निर्लज्ज लोक एक तारखेला त्याला एकांतकोठडीत टाकणार आहेत. तिथे तो जगणार नाही.

बाबांचा खोकला कमी झाला का?

नातेवाइकाच्या अर्जाशिवाय नक्कल देत नाहीत, म्हणून पत्र मिळेल त्याच दिवशी त्याच्या आईला घेऊन तुझ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जा, केसपेपरची शिक्क्याची नक्कल काढ आणि मला रजिस्टर पोस्टाने पाठव.

तुझी धाकटी