सहभागी क्रमांक सात

३ मार्च

प्रबंध द्यायला सत्तावीस दिवस उरलेत, आणि मी आज काय केलं? टेबलाचा खण आवरला!

मार्गदर्शक मॅडमना चौथं प्रकरण फार आवडलं. "हे आहे म्हणून तुझा प्रबंध आहे." खरंच आहे. पहिली तीन प्रकरणं म्हणजे करार, कलमं, तळटिपा. कुणीही लिहावीत. चौथ्यात मावशी आहेत — नात्यातल्या नव्हेत, मी मुलाखत घेतली त्या. गणवेशाच्या कारखान्यात अकरा वर्षं शिलाई मशीनवर होत्या. मागच्या वर्षी तिथं आग लागली, आत धूर कोंडला, दाराला बाहेरून कुलूप. मावशींनी जड इस्त्री घालून खिडकीची काच फोडली. बत्तीस बायका बाहेर पडल्या. शेजारच्या मशीनवरची त्यांची मैत्रीण दोन दिवसांनी दवाखान्यात वारली. कंपनी म्हणते, दार उघडंच होतं.

दादाचा फोन. "मानवी हक्कात एम.ए. म्हणजे नोकरीचा हक्क सोडून बाकी सगळे मिळतात ना?" फोन आपटला. हसू आलं, पण त्याला सांगणार नाही.

६ मार्च

आमच्या कामातला नियम — माणसाचं बोलणं लिहून काढलं की त्यालाच वाचून दाखवायचं. म्हणून आज मावशींकडे. एकच खोली, खिडकीशी मशीन. आता घरीच कपडे दुरुस्त करतात. मी वाचत होते, त्या काज करत होत्या.

"सहभागी क्रमांक सात सांगते की..."

सुई थांबली. "ही कोण?"

"तुम्हीच, मावशी. आम्ही नावं घालत नाही. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"आणि माझी मैत्रीण?"

"ती 'सहकारी अ'."

त्या पुन्हा काजाकडे वळल्या. मीही बाकीचं भरभर वाचून टाकलं. बस गाठायची होती.

७ मार्च

काम शून्य. का कोण जाणे, जिवाला स्वस्थता नाही.

९ मार्च

मावशींचा निरोप. "माझं बोलणं काढून टाक. रेकॉर्डिंग पण परत दे." बस, एवढंच!

संमतीपत्रात मीच लिहिलंय — प्रबंध सादर होईपर्यंत कधीही माघार घेता येईल, कारण द्यावं लागणार नाही. काय तोरा होता मला त्या वाक्याचा! वर्गात पंधरा मिनिटं बोलले होते त्यावर. घ्या आता. आपल्याच हातानं पायावर धोंडा.

१० मार्च

मॅडम म्हणाल्या, "सही आहे ना त्यांची? नाव तर नाहीच. दोन-चार तपशील बदल, कुणाला कळणार आहे?" मग चष्मा पुसत, "अर्थात, निर्णय तुझा."

मावशींना कळेल की! जिभेवर आलं होतं. गिळलं. कारण मॅडम तसं म्हणाल्यावर मला आधी हायसंच वाटलं होतं.

१२ मार्च

गेले. समजवायला! लिहितानाही लाज वाटते. त्यांच्या खोलीत, त्यांच्याच एकुलत्या खुर्चीत बसून मी त्यांना धैर्यावर भाषण दिलं. कंपनीचं कुणी येऊन गेलं का? धमकी दिली का? घाबरू नका, मी आहे ना! — मी आहे म्हणे. मला घरमालकिणीशी बोलायला दोन दिवस धीर गोळा करावा लागतो.

मावशींनी दातानं दोरा तोडला. "कारण द्यावं लागणार नाही, असं तूच वाचून दाखवलंस ना?"

"हो, पण..."

"मग झालं तर. चहा टाकते."

कप धरताना त्यांच्या अंगठ्याजवळचा काचेचा व्रण दिसला. प्रबंधात मी त्याला 'किरकोळ दुखापत' म्हटलंय.

१३ मार्च

आईला सांगितलं. वाटलं, लेकीची बाजू घेईल. "मग देऊन टाक की! शेजारणीची वाटी ठेवून घेतो का आपण?"

"आई, वाटी नाही गं, माझं अख्खं वर्ष आहे ते!"

"बरं. जेवलीस का?"

चिडून सांगितलं की जेवले. जेवले नव्हते.

१५ मार्च

लॅपटॉपवरून सगळं काढलं. पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवलीय. असू दे.

१६ मार्च

असू दे म्हणजे काय? कुणासाठी? सकाळपासून तो पेन ड्राइव्ह खिशात घेऊन फिरतेय. ग्रंथालयात चारदा जागा बदलली. ग्रंथपाल म्हणाले, "खुर्चीला काटे आलेत का?"

साडेचारला मावशींच्या दारात उभी. पेन ड्राइव्ह, छापील पानं, सगळं त्यांच्या हातात ठेवलं.

"आणखी कुठे नाही ना?"

"नाही." खरंच नव्हतं. कालपर्यंत हे खोटं ठरलं असतं.

पानं त्यांनी नीट घडी करून शिवणाच्या डब्यात, बॉबिनांखाली ठेवली. "वाईट वाटून घेऊ नकोस गं." वाटलंच! बसथांब्यावर उभी राहून रडले.

३० मार्च

दिला एकदाचा. चौथ्या प्रकरणाच्या जागी अडीच पानं. मॅडमनी हातात तोलून पाहिला. "बराच रोडावला." तोंडी परीक्षेत माझी धुलाई ठरलेली.

उगाच मोठेपणा नको, खरं ते लिहिते. मावशींवरचा राग गेलेला नाही. त्या घाबरल्या, आणि माझं वर्ष पाण्यात गेलं.

११ एप्रिल

मावशींचा फोन! "उद्या अकराला कामगार न्यायालयात ये. कंपनीविरुद्ध माझी साक्ष आहे." पुढे काही विचारायच्या आत ठेवून दिला.

१२ एप्रिल

न्यायालयाबाहेरच्या बाकावर मावशी, मांडीवर माझी पानं. 'सहभागी क्रमांक सात' जिथं जिथं होतं, तिथं तिथं पेनानं खोडून वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलेलं. 'सहकारी अ' खोडून मैत्रिणीचं. शिपायानं साक्षीदाराचं नाव पुकारलं. "मीच ती," म्हणाल्या, आणि उठल्या.