पान सत्तेचाळीसवरच्या उमाआत्या

तीर्थस्वरूप बळवंतकाकांना अवंतिकाचा वाकून नमस्कार. इतक्या लांबून वाकलेलं दिसत नाही, म्हणून लिहून कळवते आहे.

आम्ही इथे खुशाल. तुमचा गुडघा, तुमचा मोतीबिंदू आणि आपल्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती, तिघांच्या प्रकृतीला आता उतार असेल अशी आशा करते. उमाआत्यांनीही तुमची चौकशी केली आहे. (हो, त्याच. तुमच्या सख्ख्या धाकट्या बहीण. पहिल्या आवृत्तीत पान सत्तेचाळीसवर वयाच्या नवव्या वर्षी विषमज्वराने वारलेल्या. सध्या इथे कॅनडातच, लव्हाल गावी मुलाकडे असतात आणि दर रविवारी फोन करून "मेलेली बोलतेय गं" अशी सुरुवात करतात.)

'कॅनडा शाखा' या प्रकरणासाठी हेमचंद्रच्या संशोधनावर अर्धं पान पाठव, असं तुम्ही कळवलंत. हेमचंद्र स्वतः लिहिणार नाही. तो गेले काही दिवस बेसमेंटमध्ये बसून जुने स्क्रू आकारानुसार लावतो आहे. तेव्हा मीच लिहिते. अर्ध्या पानात मावेल असं वाटत नाही.

आमचं गाव टोरोंटोपासून दोन तासांवर. गावात पूर्वी एझ्रा थॉर्नबी नावाचा लोहार होता. केंटकीत गुलाम म्हणून जन्मला, पळाला, नदी ओलांडून इकडे आला आणि मग उरलेलं आयुष्य गुलामगिरीविरुद्ध भाषणं करण्यात आणि मागून येणाऱ्यांना घरात घेण्यात घालवलं. जिवंत होता तोवर गावाने त्याला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवला. आता त्याला जाऊन सव्वाशे वर्षं झाली आणि तो कुणाला उलट बोलण्याची भीती उरली नाही, तेव्हा सगळ्या गावाला तो आपला वाटू लागला आहे. प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये म्हणे पळून आलेले गुलाम लपले होते. आम्हाला घर विकणाऱ्या एजंटनेही आमच्या घर तापवणाऱ्या फर्नेसमागचा कोनाडा दाखवून आवाज खाली आणला होता. घर १९८७ चं आहे. शिवाय कॅनडात पाऊल ठेवलं की माणूस मोकळा होत होता, मग इथे येऊन फर्नेसमागे कशाला बसेल, हा प्रश्न मी विचारला; एजंटने मला किचनमधला नवा काउंटरटॉप दाखवला.

तर गावच्या वारसा मंडळाने थॉर्नबीच्या नावाचा कांस्याचा फलक लावायचं ठरवलं आणि त्याच्या वंशजांचा शोध घ्यायला स्वयंसेवक हवा, असं जाहीर केलं. हेमचंद्रने हात वर केला. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी अनुभव विचारला, तेव्हा त्याने आपला कुलवृत्तांत टेबलावर ठेवला. सहाशे पानं, चौदा पिढ्या, सोनेरी अक्षरं. बाईंना एक अक्षर वाचता आलं नाही आणि त्या पूर्णपणे भारावल्या. (हे मी कौतुक म्हणून सांगत नाही.)

मग हेमचंद्र तुमच्या पद्धतीने कामाला लागला. आपल्याकडे घराण्याचा शोध कसा घेतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. मुलगी आली की नावापुढे 'विवाहित' लिहायचं, रेघ संपवायची आणि चहा घ्यायचा. थॉर्नबीला एक मुलगा आणि चार मुली. मुलगा अविवाहित वारला. हेमचंद्रने एका वीकेंडला चार मुलींच्या चार रेघा संपवल्या आणि मंडळाला अहवाल दिला, की घराणं निर्वंश झालं. मंडळात दोन मिनिटं शांतता पाळली. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले, आणि मग आपल्या पणजोबांनी थॉर्नबीला घोडा दिला होता, त्यामुळे जवळचं असं आता आपणच उरलो, असं सुचवलं. (घोडा दिला होता, हे खरं. भाड्याने.) फलक ओतायला गेला. त्यावर शेवटची ओळ: 'त्याच्या मागे कुणी उरलं नाही.'

यानंतर हेमचंद्रची दाढ दुखायला लागली.

आमच्या डेंटिस्ट डॉ. मर्ल हॉकिन्स. काळ्या, उंच, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. मी बाजूच्या खुर्चीवर होते, म्हणून हे सगळं कानांनी ऐकलेलं आहे. इंजेक्शनची भूल चढायच्या आधी हेमचंद्रने त्यांना आपलं संशोधन सांगून टाकलं. बाईंनी त्याच्या तोंडात कापूस भरला, नळी लावली आणि म्हणाल्या, "थॉर्नबी माझ्या आजीचे पणजोबा. जरा मोठा आ करा."

काका, तुमच्या पुतण्याला गप्प बसलेला मी लग्नानंतर प्रथमच पाहिला.

"मुली पाहिल्याच नाहीत तुम्ही?" बाई ड्रिल लावत म्हणाल्या. "चार होत्या. आम्ही दरवर्षी ऑगस्टमध्ये पार्कात पिकनिकला जमतो. दीडएकशे माणसं असतो. क्रिसेंट रस्त्यासमोरचं पार्क आहे ना, तिथे."

हेमचंद्र घशातून काहीतरी म्हणाला. ते काय होतं, मला माहीत आहे. ते पार्क आमच्या घरासमोर आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये तिथे कोणीतरी मोठं कुटुंब जेवायला जमतं, आमच्या ड्राइव्हवेपर्यंत गाड्या लावतं, आणि हेमचंद्र दरवर्षी नगरपालिकेला फोन करून तक्रार करतो. निर्वंश झालेल्या माणसाच्या वंशजांना हलवा म्हणून.

फलक मात्र ओतून झाला होता. एक ऑगस्टला अनावरण. (त्याच तारखेला ब्रिटिश राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली.) पडदा सरकला, आणि 'मागे कुणी उरलं नाही' या ओळीसमोर दीडशे थॉर्नबी मक्याची कणसं खात उभे. अध्यक्षबाई खोकत राहिल्या. हेमचंद्रने चिकटपट्टी आणायला गाडीकडे धाव घेतली आणि तो परत आलाच नाही.

उमाआत्या तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. व्हीलचेअर ढकलत मी त्यांना पुढे नेलं. त्यांनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली आणि अशा हसल्या, की डॉ. हॉकिन्स वळल्या. आत्या त्यांना म्हणाल्या, "आय ॲम ऑल्सो डेड इन प्रिंट." मग त्यांनी सगळं सांगितलं. नागपूरच्या प्राध्यापक गुणवंतरावांशी लग्न केलं, ते बौद्ध होते, लग्नाच्या दिवशी घरात चूल पेटली नाही, आणि आठ वर्षांनी पुस्तक निघालं त्यात आपल्याला ताप आला. अगदी मजेत सांगितलं, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. बरोबर आलेली त्यांची नात केया मध्येच म्हणाली, "आजी, यू डाइड ॲट नाइन? सो कूल!" डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि आत्यांच्या हातात आपलं कणीस दिलं. आत्यांना दात नाहीत, हे त्यांना एका नजरेत कळायला हवं होतं. पण आत्यांनी ते शेवटपर्यंत हातात धरून ठेवलं.

गाडीत बसताना मात्र आत्या म्हणाल्या, "ताप तरी कशाला लिहिला गं दादाने? पळून गेली लिहायचं. मी पायांनी चालत गेले होते."

तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही, काका. पहिल्या आवृत्तीची प्रुफं तुम्ही तपासली होतीत, असं प्रस्तावनेत आहे. तुम्ही ऱ्हस्व-दीर्घाची चूक कधी सोडली नाहीत.

असो. अर्ध्या पानाची अडीच पानं झाली. काय छापायचं ते तुम्ही ठरवा. घराण्यात कोण जिवंत आहे, तेही आजवर तुम्हीच ठरवत आलात. काकूंना नमस्कार.

तुमची सून,
अवंतिका

ता. क. चूक मान्य करून मंडळाने नवा फलक ओतायला टाकला आहे. त्यांना कांस्य वितळवावं लागलं. तुमचा तर कागद आहे, आणि अजून छापलेलाही नाही. पान सत्तेचाळीससाठी मजकूर देते: 'उमा, पती गुणवंत, मुलगा बुद्धभूषण, सून कोमल, नात केया. वास्तव्य लव्हाल.' विषमज्वर काढावा. ते जमणार नसेल, तर आम्हालाही त्याच तापाने वारल्याचं छापा. हेमचंद्रची संमती आहे. (बेसमेंटमधून वर येऊन त्याने स्वतः सांगितलं.)

ता. क. २. हे पत्र आत्यांना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याला इतकं टोचू नकोस, लहानपणी मी खरंच तापाने आजारी होते, तेव्हा रात्रभर उशाशी हाच बसला होता." तरीही मी वरचं काही खोडलेलं नाही.

ता. क. ३. प्रकाशन समारंभाला त्या येत आहेत. बुद्धभूषणने तिकिटं काढली, व्हिसाही आला. तुमच्यासाठी लोकरीचे मोजे विणताहेत. माप अंदाजाने घेतलंय, शेवटचे पाय पाहिले त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. पुस्तकात काहीही छापा, पण पहिल्या रांगेत कडेची जागा मोकळी ठेवा. व्हीलचेअर तिथेच मावते.