हिरवळ कापण्याच्या यंत्रास स्वतंत्र बॅटरी मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, बीड.

अर्जदार : सुग्रीव सिदू देवकते, धंदा गुरे पाळणे, हल्ली मुक्काम चारा छावणी, भैरवमाळ सहकारी साखर कारखाना.

विषय : कारखान्याच्या हिरवळ कापण्याच्या यंत्राची निकामी बॅटरी बदलून नवी बसविणेबाबत.

संदर्भ : छावणीच्या फळ्यावर लावलेली व्यवस्थापनाची सूचना.

महोदय,

विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, यंदा विहीर आटल्यामुळे अर्जदार आपली गुरे, पत्नी कडूबाई व सून ताराबाई यांच्यासह सदर छावणीत राहण्यास आला. छावणीला लागूनच कारखान्याचे अतिथिगृह असून त्याच्यासमोर हिरवळ आहे. तिला टँकरने पाणी घालतात. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

ही हिरवळ वर बसून चालवायच्या यंत्राने कापली जाते. त्या यंत्राची बॅटरी बसली. नवी घेण्याचा विषय संचालक मंडळाच्या पुढच्या सभेवर गेला. तेवढ्यात पाहुणे येणार असल्याने वाहन विभागाचे धर्मराज साहेब यांनी छावणीच्या रुग्णवाहिकेची बॅटरी काढून यंत्राला जोडण्यास सांगितले. ती मोठी असल्याने खाचेत बसेना, म्हणून तारेने आवळून बांधली. रुग्णवाहिका रोज लागत नाही, गवत मात्र रोज वाढते, असे साहेब म्हणाल्याचे यंत्र चालविणारा उत्तरेश्वर सांगतो.

त्यानंतर एका सकाळी चाऱ्याच्या पेंढ्या उचलताना कडूबाईच्या मनगटाला नाग डसला. छावणीतल्या मोटारसायकली दूध घालायला गेल्या होत्या. अर्जदाराने तिला उचलून रुग्णवाहिकेत निजविले. चालकाने किल्ली फिरविली, पण गाडीने हूं की चूं केले नाही. हिरवळीवरून यंत्राचा आवाज येत होता. अर्जदार तिकडे पळत गेला. उत्तरेश्वरने लगेच यंत्र बंद करून तार सोडली, परंतु साहेबांना विचारल्याशिवाय बॅटरी कशी द्यावी म्हणून तो फोन लावीत राहिला. फोन कोणी उचलला नाही. शेवटी तो म्हणाला, "घ्या दादा. नौकरी गेली तर जाऊ द्या."

अर्जदार बॅटरी घेऊन आला तेव्हा कडूबाईची जीभ जड झाली होती, पापण्या मिटू लागल्या होत्या. तिने विचारले, "गाडी कावून निघंना हो?" अर्जदाराने हातातली बॅटरी चालकाकडे दिली; त्याने ती जोडली, तेव्हा गाडी निघाली.

चौसाळ्याच्या वाटेवर तिची मान कलली. दवाखान्यात डॉक्टरांनी ती गेल्याचे सांगितले.

तिचा दहावा होण्याआधीच बॅटरी पुन्हा यंत्रावर चढली. उत्तरेश्वरला कामावरून कमी केले. आणि फळ्यावर सूचना लागली की, रुग्णवाहिकेकरिता बॅटरी हवी असल्यास एक दिवस अगोदर लेखी मागणी करावी.

अर्जदार ही सूचना मोडू इच्छित नाही. परंतु ताराबाईचे दिवस भरले आहेत. मुलगा परजिल्ह्यात कामाला असून घरात दुसरी बाई राहिलेली नाही. बाळंतपणाचा दिवस आगाऊ कळवावा म्हणून अर्जदाराने ताराबाईलाच विचारले. तिने मान खाली घालून सांगितले, "मला काय ठावं, मामा." छावणी सोडून जावे तर गुरांना दुसरीकडे काडी मिळत नाही.

तरी मेहरबान साहेबांनी यंत्राला त्याची स्वतःची बॅटरी देण्यास व रुग्णवाहिकेची रुग्णवाहिकेत ठेवण्यास कारखान्याला कळवावे. हिरवळ कापण्यास अर्जदाराची हरकत नाही. कडूबाईबद्दल या अर्जात काही मागितलेले नाही. नवी बॅटरी येईपर्यंत हाच अर्ज उद्याची, परवाची आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाची लेखी मागणी समजण्यात यावा.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा नम्र,
सुग्रीव सिदू देवकते
(डाव्या हाताचा अंगठा)

दिनांक : १४ मे २०१९

सोबत : कडूबाईच्या मृत्यूचा दाखला, फळ्यावरील सूचनेची नक्कल.

अर्ज सांगितल्याप्रमाणे लिहिला व वाचून दाखविला : पंडित, अर्जलेखक.