माझ्या दुखवट्याला कुबरा आली

७८६
मुसफ्फा, अबुधाबी, ता. ९ मे २०२५

चि. सफा हिस दादीची दुआ. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुझी अम्मी मधेच फोन ओढून घेते, म्हणून लिहिते. चौथीपर्यंत मराठी शाळेत बसले, अक्षर तसंच असणार. तुझ्या अब्बाच्या वर्कशॉपची गाडी घेऊन ड्रायव्हर ओवेस दुबईला येतो, त्याच्याकडे बंद पाकीट देते आहे. इंटरनॅशनल सिटीत तुझ्या बिल्डिंगखाली थांबेल. त्याला पाणी विचार, घरच्यासारखा आहे.

काल दुपारी दार वाजलं. उघडलं तर एक बाई, डोक्यावरून ओढणी, हातात बिर्याणीचं पातेलं, तोंड पडलेलं. म्हणाली, मैमुनाबी गेल्याचं कळलं, उशीर झाला पण आले. मी म्हटलं मैमुनाबी मीच, आत ये, हात भाजेल तुझा. पातेलं सुटायचंच बाकी राहिलं.

कुबरा नाव तिचं, आपल्या दाभोळकडची. तुला ज्या दातांच्या कॉलेजात सीट मिळाली तिथे ऑफिसात आहे. तुझा अर्ज तिच्या टेबलावरून गेला, त्यावर इथला पत्ता होता. बारावीनंतरचं वर्ष मरणाला टेकलेल्या दादीच्या सेवेत गेलं, असं त्यात आहे म्हणे. चमच्याने भरवलंस, पाठ चेपलीस, आणि मी गेले. चमच्याने? त्या वर्षी मी रोज वर्कशॉपच्या पोरांचं मटण शिजवत होते. आणि तू मंगळूरला हेच दातांचं शिकत होतीस आणि नापास होऊन परत आलीस. कुबरा सांगते, अर्जात सरळ विचारलेलं असतं, आधी जिथे जिथे शिकलात ते सगळं लिहा, पुरं केलं असो नसो. तिथे तू काही लिहिलं नाहीस आणि मला पुरलंस.

ती गप्प राहते म्हणाली. नोकरीवाली बाई, तिचाही जीव मुठीत. बिर्याणी मात्र छान होती. माझ्याच दुखवट्याची मी दोनदा वाढून घेतली.

हे कुणाचं डोकं ते लिही. कळावं. माया आहे तितकीच राहू दे, लाड मागू नकोस.

दादी

———

इंटरनॅशनल सिटी, दुबई
ता. १२ मे २०२५

ति. दादीस सफाचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. दादी, खरंच सॉरी. अ‍ॅडमिशनचा एजंट म्हणाला, मंगळूरचं वर्ष दाखवलं तर फाइल उघडतसुद्धा नाहीत. मग ते वर्ष कुठे गेलं हे सांगायला काहीतरी पाहिजे होतं. आजारपण लिहिलं तर पुढे प्रश्न येतात, मरण लिहिलं तर कोणी काही विचारत नाही, हे त्याचंच. अब्बा समोर बसले होते. तेही म्हणाले, लिहा, खलास. सही मी केली. ते एजंटवर ढकलत नाही.

इंटरव्ह्यूत एका डॉक्टर मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. त्यांच्या आजीचं सांगायला लागल्या आणि मला पाणी दिलं. ते मी प्यायले.

आता सीट पक्की आहे, ऑगस्टमध्ये क्लास सुरू. कुबराआंटी बोलणार नसतील तर कोणालाच कळणार नाही. दादी, मी या वेळी खरंच अभ्यास करीन. मंगळूरला शरीररचनेतलं एक हाडसुद्धा मला कोणी समजावून सांगितलं नाही, रूमवर बसून रडायचे आणि पेपर कोरा द्यायचे. पुन्हा नापास नाही होणार. प्लीज अब्बांना काही बोलू नका.

तब्येत जपा. आशीर्वाद असावा, आता मागायला तोंड नाही तरी.

तुमची सफा

———

मुसफ्फा, ता. १६ मे २०२५

चि. सफा हिस दुआ.

म्हणजे माझ्या पोटच्या पोराने मला मारलं आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन विचारलं, आज जेवायला काय आहे. तुझ्या अर्जासाठी गेला होता तो दिवस मला आठवतो, मी त्याला बांगडे वाढले होते. काट्यासकट द्यायला हवे होते.

त्याला मी बोलले नाही, बोलणारही नाही. तुलाही जा आणि सांग असं म्हणत नाही. सीट तुझी, उन्हातान्हात धक्के खाणारी तू. फक्त एक विचारते. मी ऐंशीच्या पुढची. तू पाच वर्षं त्या कॉलेजात असणार. त्यात मी खरंच गेले तर काय करशील? सुट्टी मागायला त्याच डॉक्टर मॅडमकडे जाशील. ती म्हणेल, ही बाई पुन्हा कशी मेली? मग तू येणार नाहीस. क्लासात बसशील, दुसऱ्याच्या तोंडात आरसा घालशील, आणि इकडे मला नेतील. रडायलाही तुला कारण सापडणार नाही.

मेल्यावर मला काय कळणार. तुला कळेल.

नापास झालीस त्याची मला लाज वाटली नव्हती. चमच्याची वाटली. माझी डावीकडची खालची किडकी दाढ तू डॉक्टर होऊन काढशील म्हणून जपून ठेवली आहे, लवंग दाबून झोपते. तीही दुखते.

बाकी ठीक. लोभ ठेव किंवा नको, पत्राचं उत्तर दे.

दादी

———

इंटरनॅशनल सिटी, दुबई
ता. २९ मे २०२५

ति. दादीस सफाचा सलाम. वि. वि.

मंगळूरची मार्कशीट घेऊन सोमवारी कॉलेजात गेले. कुबराआंटी टेबलावर होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. मी त्यांचं नाव घेतलं नाही. डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं, तुम्ही आहात तेही.

त्यांनी मार्कशीट बराच वेळ बघितली. म्हणाल्या, आधी नापास झालेली मुलं आम्ही घेतो. यंदाच दोन घेतली, त्यांनी लिहिलं होतं. अर्जात एवढंच लिहायचं होतं, दादी.

सीट गेली. त्या कॉलेजात आता कधीच अर्ज करता येणार नाही. दुसरीकडे केला तर कधी कुठल्या कॉलेजातून काढलंय का असं विचारतात. तिथे हो लिहायचं आणि का तेही. निघताना मॅडमनी विचारलं, दादी खरंच बऱ्या आहेत ना. मी हो म्हटलं आणि मार्कशीट पिशवीत घातली.

अब्बांनी फोनवर ऐकलं आणि ठेवून दिला. नंतर अम्मीकडून निरोप आला, ईदला येऊ नकोस. इथेच खाली एका दातांच्या क्लिनिकच्या काउंटरवर लागले आहे. नावं घेते, बिलं देते. आत जात नाही.

तुम्ही सांगितलं म्हणून केलं असं नाही. राग मात्र तुमच्यावरच येतो, तो धरा किंवा सोडा.

सफा

———

मुसफ्फा, ता. १२ जून २०२५

चि. सफा हिस दुआ.

राग धरला. माझ्यावर येऊ दे, मला सोसतो.

तुझं वाटोळं झालं, ते झालंच. गोड बोलून ते भरून निघत नाही, म्हणून बोलत नाही. पुढच्या अर्जात मंगळूर लिही, आणि हेही लिही. घेतलं तर घेतलं, नाहीतर काउंटर आहे.

ईदला तुझ्या अब्बाने, यहयाने, खाली मान घालून जेवण केलं. मी तुझं ताट मांडलं होतं. त्याने ते बघितलं आणि उचलायला सांगितलं नाही. तो येऊ नको म्हणतो, पण दार मी उघडते. कुबरालाही मीच उघडलं होतं.

दाढ परवा काढून घेतली. ओवेसने नेलं. तिथली डॉक्टरीण पोरगीच होती, तुझ्याच वयाची दिसत होती. आधी कुठे कुठे दातांचं काम करून घेतलंय ते विचारलं. सगळं सांगितलं. गावच्या न्हाव्याने उपटलेला दातसुद्धा. हसली नाही, लिहून घेतलं. हात हलका होता तिचा.

जागा अजून ठणकते. तू काढली असतीस तर तुला पोटभर शिव्या दिल्या असत्या. त्या परक्या पोरीला देता आल्या नाहीत, थँक्यू म्हणून आले.

कळावं. अजून आहे, तोवर येऊन जा.

दादी